न हुंगायचा गुलाब

साल १९४३. हे साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी वाशीमात रॉकेल मिळेनासं झालं होतं आणि आमच्या अंगणात रॉकेलचे सहा पिपे ओळीनं उभे होते. पिपे रिकामे होते. म्हणजे रॉकेलच्या दृष्टीनं रिकामे होते. त्यांत माती होती आणि मातीत गुलाब होते. पण ही गोष्ट ज्या माणसाला वेळेवर कळायला हवी होती त्याला ती उशिरा कळली, आणि कळली तेव्हा त्याच्या हातात लोखंडी सळई होती.

पण सळई नंतर. आधी गुलाब.

मी लहान असताना आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अकोल्याला झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या ओसरीवर एका कुंडीत मी एक गुलाब पाहिला. फिक्या गुलाबी पाकळ्या आणि त्यांच्यावर किरमिजी पट्टे, कोणी कुंकवाचं बोट ओढत नेल्यासारखे. आणि वास असा, की आईच्या डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत मी त्या कुंडीपासून हलले नव्हते. लग्न होऊन वाशीमला आल्यावर, बालाजीच्या देवळामागच्या आमच्या गल्लीत, एके दिवशी शेजारच्या रंगूबाई निवडण-टिपण घेऊन बसायला आल्या, तेव्हा बोलता बोलता मी हे सांगितलं.

"पट्टे? फुलाले?" रंगूबाई म्हणाल्या. "फूल होतं का सतरंजी होती वं बाई?"

"फूलच होतं. आणि वासाचं होतं."

"बरं, पट्टे असतीन. पन मंग वास नसंल. नक्षीच्या भांड्यात वरन शिजत नाई."

"होता वास. मी स्वतः हुंगला."

"असंल बाई. म्या कुठं अकोला पाह्यलं," असं म्हणून त्या इतक्या समजूतदारपणे हसल्या, की त्यापेक्षा त्यांनी मला थापाडी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पंधरवड्यात गल्लीला नवी म्हण मिळाली. कोणी म्हणालं की केनवडच्या बाजारात फार स्वस्तात गाय मिळाली, तर दुसरा म्हणे, "हा सीतेचा गुलाब." रंगूबाईंचे यजमान इंद्रभान आपल्या बैलाच्या धावण्याची गोष्ट सांगायला बसले की पोरंसोरं ओरडत, "सीतेचा गुलाब." सीता म्हणजे मी. घरात नवी सून, तोंडातून चार वाक्यं निघालेली, आणि त्यांतलं एक गावभर थट्टेचं झालेलं. त्यानंतर मी दूध उतू गेलं असं सांगितलं तरी लोक चुलीकडे बघून खात्री करत.

माझ्या सासूबाई, प्रयागाबाई, यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्यांनी हे सगळं ऐकलं. मग एका सकाळी विहिरीवर, भरल्या गर्दीत, त्यांनी घागर खाली ठेवली.

"घरोघरच्या सुना खोटं बोलत असतीन. माही बोलत नाई. गुलाब येईन, पट्ट्याचा येईन, वासाचा येईन. अन् पयलं फूल बालाजीले जाईन."

असं बोलणारी सासू मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फारशा पाहिल्या नाहीत. पण त्या बोलण्याच्या शेवटच्या वाक्यात जी अडचण लपलेली होती ती त्या वेळी विहिरीवरच्या एकीच्याही ध्यानात आली नाही. देवाला वाहायचं फूल हुंगायचं नसतं. हुंगलं की ते उष्टं. म्हणजे फुलाला वास आहे हे गल्लीला दाखवायचं, आणि ते कोणी हुंगता कामा नये. पण विहिरीवर बोललेला शब्द घागरीत परत भरता येत नाही.

आमचे हे, म्हणजे उत्तमराव, कचेरीत कारकून होते. अत्यंत सज्जन माणूस. स्वतःच्या घराचं दार उघडतानाही यांना वाटे, कोणाची परवानगी घ्यायची राहिली की काय. पण आईनं सांगितलं म्हणून यांनी पुण्याच्या एका नर्सरीला पत्र लिहिलं आणि पट्ट्यांच्या वासाच्या गुलाबाची सहा कलमं मागवली. पार्सल वाशीमला उतरायचं राहिलं आणि गाडीबरोबर थेट हिंगोलीला गेलं. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. जाताना कोणी विचारलं नाही, पण परत आणताना करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर विचारणा झाली की हा माल परराज्यातून कोण नेतंय आणि कशासाठी. यांनी सांगितलं, हा माल आमचाच आहे, इकडे चुकून आला. नाक्यावरचा माणूस म्हणाला, सगळा माल कोणाचा तरी असतोच. संध्याकाळी हे कलमं घेऊन घरी आले तेव्हा कलमांपेक्षा हेच जास्त सुकलेले होते.

कलमांबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. हे वाचून दाखवू लागले आणि तिसऱ्या ओळीवर अडखळले.

"काय लिवलं हाये?" आत्याबाईंनी विचारलं.

"खत घालायचं, माय."

"कायचं?"

"हाडांच्या भुग्याचं."

आत्याबाईंनी कागद यांच्या हातातून घेतला, चुलीत घातला आणि हात धुतले. बालाजीच्या फुलाला हाडं. तेव्हापासून त्या पिप्यांवर देवघराचे सगळे नियम लागू झाले. खरकटं पाणी नाही, भांड्याचं धुवण नाही, पायताण घालून जवळ जायचं नाही. खत म्हणून सरकीची पेंड, तीही बैलाच्या पुढ्यातली नाही, नवी. महिन्यातले काही दिवस मला तिकडे बघायचीही बंदी, त्या दिवसांत कचेरीला जाण्याआधी हे डोक्यावर टोपी, कमरेला सोवळ्याचं धोतर अशा थाटात झारी घेऊन उभे राहत, आणि गल्लीतून जाणारा प्रत्येक जण थांबून म्हणे, "उत्तमराव, आज तुमची पाळी का?"

सल्ल्यांना तर पूर आला. इंद्रभान म्हणाले, झाडाले ताक घाला, उन्हाळा बाधत नाई. ताक घातलेलं कलम उन्हाळ्याची वाट न पाहता गेलं. कोणी गुळाचं पाणी सांगितलं. त्यानं गुलाब वाढला नाही, मुंग्या वाढल्या. तिसऱ्याचा शेंडा एका बकरीनं नेला, आणि बकरी इंद्रभानांचीच असल्यामुळे यांनी तिला कोंडवाड्यात नेण्याऐवजी पाणी पाजून परत पोचवलं. रंगूबाईंना मात्र दुसरीच काळजी होती.

"वं प्रयागाबाई, पिपे राकेलचे. झाड थेच पिऊन राह्यलं. फुलाले राकेलचा वास नाई का येनार?"

"आला तं उजेड पडंल," आत्याबाई म्हणाल्या.

रंगूबाई माणूस म्हणून वाईट नव्हत्या. पण त्यांच्या तोंडून निघालेली गोष्ट गल्लीच्या टोकापर्यंत जाताना अंग धरत असे. 'प्रयागाबाईच्या अंगणात राकेलचे पिपे हायेत' हे वाक्य त्यांनी विहिरीवर टाकलं, ते खरंच होतं. बाजारात पोचेपर्यंत ते 'राकेलनं भरलेले पिपे' झालं, आणि साठेबाजीचा तपास करणाऱ्या साहेबाच्या कानावर गेलं तेव्हा आमच्या घराखाली तळघरही होतं.

साहेबाचं नाव दौलतसिंग. उंच, मिशा वळवलेल्या, मागे एक शिपाई. अंगणात आले, पिपे पाहिले, वाकून एकाच्या कडेला नाक लावलं आणि म्हणाले, "रॉकेलचा वास येतो."

"रॉकेलचाच पिपा आहे, साहेब," हे म्हणाले.

"म्हणजे कबूल?"

मग दौलतसिंगांनी सळई घेऊन प्रत्येक पिप्याचा तळ तपासला. तळ मिळाला, वाटेतली मुळंही मिळाली. त्या तपासणीत आणखी दोन कलमं कामास आली. उरलं एक. पंचनामा झाला, त्यावर पंच म्हणून इंद्रभानांनी सही केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं अक्षर सरकारी कागदावर गेल्यामुळे ते सही सुकेपर्यंत फुंकर घालत बसले. पंचनाम्यात लिहिलं होतं: पिपे सहा, आत माती, मातीत काटेरी झाड, पिप्यास रॉकेलचा वास. मग नमुना म्हणून एक पिपा सील करायचा ठरला. पाच पिप्यांत मेलेली झाडं होती आणि एकात जिवंत. दौलतसिंगांनी जिवंत झाडाचा पिपा निवडला, कारण तो सगळ्यांत चांगल्या स्थितीत होता. त्याला सुतळी गुंडाळली, लाखेची मोहोर मारली आणि हुकूम दिला: पुढचा आदेश येईपर्यंत हा पिपा जागेवरून हलवायचा नाही.

त्याच आठवड्यात त्या झाडाला कळी आली.

माघ सरत आला होता आणि पिपा नेमका भिंतीपाशी होता, जिथे दुपारचं ऊन पाठ भाजून काढतं. पिपा सावलीत न्यावा तर सरकारी हुकूम मोडतो. नेऊ नये तर कळी करपते. आत्याबाईंनी सावली पिप्याकडे आणली. चार बल्ल्या रोवल्या, वर कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या, त्यावर ओलं पोतं. हे दोन रात्री झोपले नाहीत, जप्त मालावर मांडव घालायला परवानगी लागते का म्हणून. शेवटी यांनी अर्ज केला: सदर पिप्यातील झाडास फूल आल्यास ते तोडणे हा सीलभंग होतो किंवा कसे. कचेरीत त्या अर्जावर मोठी चर्चा झाली. एकाचं म्हणणं, पिपा जप्त म्हणजे झाड जप्त, झाड जप्त म्हणजे फूल जप्त. दुसऱ्याचं म्हणणं, जप्तीच्या वेळी फूल नव्हतं. नंतर जन्मलेल्याचा काय दोष?

कळी फुगू लागली तशी तिच्यावर रेघा दिसू लागल्या. खऱ्या रेघा, किरमिजी. अंगणात माणसं मावेनात. आत्याबाईंनी पिप्याभोवती रांगोळीची रेघ ओढली. रेघेबाहेरून पाहायचं, नाकाला पदर लावून. पुरुषांनी उपरणं लावायचं. "श्वास तिकडं जाऊन घ्या," त्या बजावत. वाऱ्यानं आपणहून आणलेल्या वासाचा दोष लागतो का, हेही त्यांनी देवळातल्या पुजाऱ्यांना विचारून घेतलं. पुजारी म्हणाले, वाऱ्याचा दोष माणसाला नाही. मग सगळे वाऱ्याची वाट पाहू लागले. त्या आठवड्यात वाशीमात झाडाचं पान हललं नाही.

"पट्टे हायेत बाप्पा, खोटं काहून बोलू," रंगूबाई पदरातून म्हणाल्या. "पन हुंगू देत नाई म्हंजे काय समजाचं?"

आणि मग एका सकाळी फूल उमललं. अकोल्याचंच फूल. मी दाराच्या आडून पाहिलं आणि मला रडू आलं. पण पट्टे पाहून माझी अर्धीच सुटका झाली होती. गल्ली वासावर अडून बसली होती. फूल देवळात गेलं की निर्माल्य होणार, आणि 'सीतेचा गुलाब' माझ्या कपाळी जन्मभर राहणार. पुजाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं, दुपारच्या आरतीआधी आणा. तेवढ्यात यांच्या अर्जाचं उत्तर घेऊन दौलतसिंग स्वतः आले.

"माँजी, फूल तोडा, माझी ना नाही," ते म्हणाले. "लेकिन पंचनाम्यात रॉकेलचा वास लिहिला आहे. झाडाला तो आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मला प्रकरण मिटवता येत नाही. फूल हुंगावं लागेल."

"बालाजीचं फूल सरकार हुंगीन?"

"सरकार नाही, माँजी. मी."

"तुमी सरकारी नाई तं हुंगता कायले? अन् सरकारी असान तं देवाच्या मंधात येता कायले?"

इंद्रभान पंच या नात्यानं पुढे सरकले. मागून रंगूबाई म्हणाल्या, "हुंगू द्या ना बाई. का वासच नाई?" आणि कोणीतरी, कोण ते मी आजही सांगणार नाही, हळूच म्हणालं, "सीतेचा गुलाब." अंगण हसलं. मी खाली पाहिलं.

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग रांगोळीवर पाय देऊन त्या आत गेल्या. नखानं देठ खुडला. फूल नाकाशी नेलं आणि सगळ्यांच्या देखत असा दीर्घ श्वास घेतला, की पुजाऱ्यांकडून निरोप घेऊन आलेला माणूस 'अहो, अहो' करत दोन पावलं मागे गेला.

"वास हाये," आत्याबाई म्हणाल्या. "अन् राकेलचा नाई. लिवा."

आता इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या अंगणातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होती. आत्याबाई तरुणपणापासून तपकीर ओढत. त्यांचं नाक माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी निकामी झालेलं होतं. भाजी लागली तर त्यांना धूर दिसल्यावर कळे. एकदा हिंगाच्या डबीत त्यांनी कापूर भरला होता. त्या नाकाला गुलाब काय आणि गोवरी काय, सारखंच.

"पन प्रयागाबाई," इंद्रभान म्हणाले, "तुमच्या नाकाले तं..."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पंचांनी वाक्य तिथंच सोडलं.

"देवाचं फूल उष्टं केलं तुमी," रंगूबाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या खरोखर घाबरल्या होत्या.

"केलं. देवाले दुसरं देईन, थो थांबते. सुनेची लाज थांबत नाई." आणि आत्याबाईंनी फूल पुढे केलं. "आता देवाचं राह्यलं नाई. घे रंगू. हुंग."

रंगूबाईंनी फूल घेतलं. आत्याबाईंनी जन्मभराचं सोवळं माझ्या एका वाक्यावर लावलं होतं, आणि ते वाक्य खरं की खोटं हे आता रंगूबाईंच्या नाकात ठरायचं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी हुंगलं. डोळे मिटले. पुन्हा हुंगलं. मग त्या फूल घेऊन थेट गल्लीत चालू लागल्या.

"वं रंगू, कुठं चालली?"

"जावेले दाखवते," त्या मागे न वळता म्हणाल्या.

दौलतसिंग त्यांच्या मागे गेले, कारण प्रकरण मिटायचं होतं. इंद्रभान दौलतसिंगांच्या मागे गेले, कारण पंच होते. गल्लीच्या तोंडाशी दौलतसिंगांनी फूल हातात घेतलं, नाकाशी नेलं, आणि असं ऐकलं की त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ घातली नाही. मग ते फूल घराघरांतून फिरलं. म्हाताऱ्यांच्या बाजेपर्यंत गेलं, बाळंतिणीच्या उशाशी गेलं, पलीकडच्या आळीत गेलं. दुपार कलली तेव्हा आमच्याकडे परत आला तो देठ, त्यावर एक सुकलेली पाकळी, आणि अख्ख्या गल्लीचा निरोप, की फार वासाचं होतं.

आत्याबाई तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. देठ त्यांनी सुपाच्या कडेला ठेवला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सीते, कसा असते वं त्याचा वास?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की साऱ्या गल्लीनं ते फूल हुंगलं होतं, फक्त आम्ही दोघींनी नाही. एकीला नाक नव्हतं आणि एकीची हुंगायची पाळी आली नव्हती. मी त्यांना अकोल्याचाच वास सांगितला. आधी लवंगेसारखा, मग पेटीतून काढलेल्या रेशमी लुगड्यासारखा, आणि सगळ्यांत शेवटी, श्वास सोडताना, थोडा पिकल्या फळासारखा.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि म्हणाल्या, "तसाच होता."

पुढच्या फाल्गुनात दुसरं फूल आलं. ते कोणी पाहायच्या आधी बालाजीला गेलं. त्याचा वास फक्त बालाजीला माहीत. प्रकरण मिटलं, पण पिप्याचं सील काढायचा हुकूम काही आला नाही, आणि हुकुमाशिवाय सील काढणं यांच्या स्वभावात नव्हतं. चार वर्षांनी इंग्रज सरकार गेलं, लाखेची मोहोर राहिली. ती पिपा गंजून पडला तेव्हाच त्याच्याबरोबर गेली. हे पेन्शनीत निघाले तेव्हा माझ्याजवळ म्हणाले, नोकरीत माझ्या हातून एकही सीलभंग झाला नाही. मी म्हटलं, खरं आहे.

दौलतसिंगांची बदली झाली. जाताना ते एक फांदी मागून घेऊन गेले. ती जगली की नाही कळलं नाही, पण तपासाला गेले की ते आधी रॉकेलचा पिपा बघतात आणि मग त्यात झाड आहे का तेही बघतात, असं एकदा यांच्या कानावर आलं होतं. इंद्रभानांना मरेपर्यंत लोक पंच म्हणत. रंगूबाईंनी पुढे अनेकांना सांगितलं की पट्ट्याच्या गुलाबाची अक्कल मूळ त्यांचीच, आणि ताक घालायचं नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी कधी खोडलं नाही. त्यांच्या परसातल्या पाटाच्या कडेला आमच्याच झाडाची कलमं होती, आणि त्या मला रोज एक फूल आणून देत.

आत्याबाई १९५६ साली गेल्या. मधली सगळी वर्षं त्या गल्लीत वासाचा निवाडा त्यांच्याकडे होता. हे कसं झालं ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. अत्तरवाला आला की बाया फाया घेऊन त्यांच्याकडे यायच्या. तूप कढवलं की वाटी त्यांच्याकडे यायची, नवा तांदूळ आला की मूठभर त्यांच्याकडे यायचा. त्या वस्तू नाकाशी धरायच्या, मग सहज म्हणून मला द्यायच्या, माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघायच्या आणि मग सांगायच्या, अस्सल आहे, किंवा नाही. एकदाही चुकल्या नाहीत.

त्या गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. माझं नाक अजूनही धडधाकट आहे. पण तेवढ्या खात्रीनं मला कधी सांगता आलं नाही.